दोन आठवड्यांचा विषय

शाळेत कोणत्या विषयाला किती मान आहे, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. जो विषय नापास करू शकतो त्याचा अभ्यास होतो. जो करू शकत नाही त्याच्या तासाला मैदान आठवते. गणिताच्या सरांना रस्त्यात सलाम मिळतो आणि चित्रकलेच्या सरांना 'सर, आज तास होणार का?' असे विचारले जाते. ढाणकीत उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना आम्ही हे रोज पाहतो. डॉक्टर घडवणाऱ्या महाविद्यालयांतही हाच कायदा चालतो, हे मात्र आम्हाला आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळले.

आठवीत आम्ही तिला विज्ञान शिकवले. पुढे ती एमबीबीएस झाली. मोहल्ल्याला केवढा अभिमान! मग पुढच्या शिक्षणासाठी शाखा निवडायची वेळ आली, तेव्हा तिचे उत्तर मोहल्ल्याने आधीच ठरवून ठेवले होते. मुलगी डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर. आपल्या बायका आपल्या मुलीकडे जातील, परक्या पुरुषापुढे संकोच नको. या अपेक्षेत वाईट काही नाही. पण मुलगी म्हणाली, मला मानसोपचार घ्यायचा आहे. तिचे वडील संध्याकाळी आमच्या घरी आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "सर, आपकी बात मानती वो. जरा समझाव उसकू. पागलों की डॉक्टर बनेगी तो रिश्ता कौन लाएगा?"

आम्ही तिच्याशी बोललो. ती हसून म्हणाली, "सर, माझ्या वर्गातली मुलेही अब्बांसारखेच बोलतात. फक्त इंग्रजीत बोलतात."

मग तिने एकेक सांगितले. ही खरी डॉक्टरकी नव्हे. स्टेथोस्कोप गळ्यात घालून करायचे काय? रक्ताच्या तपासणीत नैराश्य दिसत नाही, एक्स-रेमध्ये भास दिसत नाहीत. रोगी बरे होत नाहीत. त्यांच्यात राहून डॉक्टरही तसाच होतो. कोणी ही शाखा घेतली तर मित्र विचारतात, 'दुसरे काही मिळाले नाही का?' आणि जे स्तुती करतात तेही म्हणतात, 'आरामाची शाखा आहे, रात्री कोणी उठवत नाही.' म्हणजे निंदा करणारा आणि स्तुती करणारा, दोघांच्याही बोलण्यात रोगी कुठेच नाही!

आम्ही विचारले, हे विद्यार्थी असे का म्हणतात? ते तर शिकलेले आहेत. तिने अभ्यासक्रम सांगितला आणि आमच्यातला शिक्षक जागा झाला. 1997 च्या नियमांप्रमाणे एमबीबीएसच्या साऱ्या वर्षांत मानसोपचार विभागातील प्रत्यक्ष काम दोन आठवड्यांचे होते. स्वतंत्र पेपर नाही. मेडिसीनच्या पेपरात एखादा प्रश्न. तो सोडून दिला तरी विद्यार्थी पास! 2021 च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे केले, हे चांगले झाले. पण 2019 च्या नव्या अभ्यासक्रमानेही या विषयाला स्वतःचा पेपर दिला नाही. परीक्षेने ज्याला दुय्यम ठरवले त्याला विद्यार्थ्याने मान द्यावा, ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करायची?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे इंग्लंडमध्ये गेलेले डॉ. दिनेश भुग्रा हे 2014 ते 2017 या काळात जागतिक मानसोपचार संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या सहभागाने 20 देशांतील शेवटच्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी झाली. मानसोपचार नक्की घेणार असे म्हणणारे शंभरात पाचसुद्धा भरले नाहीत.

आता गरज पाहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. त्या 12 राज्यांत केरळ सोडले तर कुठेही लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ भरत नव्हता.

आणि आम्ही तर यवतमाळ जिल्ह्यात राहतो. आमच्या उमरखेडला लागूनच महागाव तालुका आहे. तिथल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. त्यांच्या स्मरणार्थ अमर हबीब यांच्या पुढाकाराने 2017 पासून दरवर्षी 19 मार्चला अन्नत्याग केला जातो. कर्ज, भाव आणि कायदे यांचे उत्तर डॉक्टरच्या गोळीत नाही, हे आम्हालाही कळते. शेतकऱ्याच्या दुःखाला नुसता आजार म्हणणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल. परंतु कर्ज फिटेपर्यंत माणूस जगला पाहिजे ना? अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावच्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांना बोलते केले, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी 4.3 टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते, नंतर 27.2 टक्के पोचले. काम गावचे लोक करू शकतात; पण त्यांना शिकवायला आणि अवघड रोगी हाती घ्यायला कोणीतरी ही शाखा शिकलेले हवेच.

आपल्या समाजाचेही एक दुखणे आहे. आमच्या बायका मनाचे दुःख मनाचे म्हणून सांगत नाहीत. 'जी घबराता', 'सर भारी भारी लगता', 'हातपाव में जान नहीं' असे म्हणतात. मग सलाइन लागते, ताकदीची इंजेक्शने होतात, आणि शेवटी ताईत किंवा दर्गा. दुआ मागण्याला आमचा विरोध नाही. पण 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका आश्रमाला आग लागली, आणि साखळीने बांधलेली 28 माणसे पळताही न आल्यामुळे जळून गेली. त्या साखळ्या त्यांच्या आप्तांना ठाऊक होत्या. उलट गुजरातमधील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसू लागले आणि त्या कामाला नाव मिळाले 'दवा-दुआ'. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे तिथे दिसले.

आम्ही तिच्या वडिलांना समजावायला गेलो ते हेच घेऊन. म्हणालो, "भाईजान, हृदयाच्या डॉक्टरजवळ यंत्र असते. या डॉक्टरचे यंत्र म्हणजे बोली. रोगी काय बोलतो आणि काय गिळतो, ते ऐकावे लागते. तुमच्या मुलीला आपल्या घरची उर्दू येते, गावची मराठी येते, शेजारच्या तांड्यावर खेळून गोरमाटीही समजते. एवढी यंत्रे वर्गात आणखी कोणाकडे असतील?" ते बराच वेळ गप्प राहिले. रिश्त्याच्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आम्ही खोटे आश्वासन दिले नाही.

तिने तीच शाखा घेतली. वडील आता विचारणाऱ्याला 'दिमाग की डॉक्टर' असे सांगतात. ऐकणारा समजतो, मेंदूचे ऑपरेशन करते. ते दुरुस्त करत नाहीत, आम्हीही करत नाही. पण बायकांना बरोबर कळलेले दिसते. मागच्या महिन्यात शाळेच्या पालकसभेनंतर एक आई सगळे जाईपर्यंत थांबली. मुलाच्या अभ्यासाचे विचारून झाले. मग पदर सावरत, आवाज खाली आणून तिने विचारले, "सर, वो डॉक्टर बेटी ईद कू गाव आती क्या?"