चाकावरची माती

आजही कुंभारकाकांच्या चाकावर बसले. अकलूजमध्ये वाढले, नीरेच्या काठावर खेळले, पण माती अशी हाताला कळली ती या वयात. गोळा चाकाच्या मधोमध स्थिर झाला की तळहातांखालची थरथर थांबते. त्या क्षणासाठी मी दिवसभर वाट पाहते.

काका मातीत राख, लीद कालवतात. भाजताना लीद जळते, बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी पाझरून वाळतं नि माठ गार राहतो. भट्टीतलं तर मला फारच विलक्षण वाटतं: खडखडीत वाळलेल्या मडक्यातही मातीच्या कणांत बांधलेलं पाणी असतं. साधारण 500 ते 600 अंश सेल्सियसला तेही निघून जातं आणि मग त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. म्हणूनच संत गोरोबाकाकांच्या तेरला, लामतुरे संग्रहालयात, सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आपल्याला पाहता येतात. घडवणाऱ्याचं नाव गेलं, हात मात्र दिसतो! (तेरला एकदा जायलाच हवं, निवांत.)

झिलईची भांडी सुंदरच. माझा जीव मात्र साध्या लाल माठात अडकलाय. आतून दगडी गोळा धरून, बाहेरून थापटण्यानं ठोकत बूड गोल करायचं, हे काका पुढच्या आठवड्यात शिकवणार आहेत.