आये, हळू बोल

गेल्या महिन्यात मिरजेला आयच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. पट्टी सुटली, डॉक्टरनं बोटं धरली, आयनं बरोबर मोजली. माझी पोरगी सांगलीत बँकेत लागलीय. ती म्हणाली, "आज आज्जीला हॉटेलात जेवायला न्यायचं. बिल माझं." तिघं रिक्षानं सांगलीला आलो.

हॉटेलचं नाव सांगत नाही. तसली हॉटेलं आता सांगलीत, साताऱ्यात, हायवेला पैशाला पासरी झालीत. दारात टोपीवाला सलाम ठोकतो. आत गारवा. आय उंबऱ्यावर थांबली आणि चपला काढायला वाकली. पोरगी म्हणाली, "आज्जी, ऱ्हाऊ दे. हे काय देऊळ न्हाय." आय म्हणाली, "देवळात तरी कवा गेलो गं आपण?" आणि चपलांसकट आत आली.

बसल्याबसल्या पाणी आलं. कुणी मागितलं नव्हतं. काचेच्या ग्लासात, गार.

त्या पाण्याकडं बघून मला मसूर आठवलं. आयला गावाहून आगगाडीनं आणली होती, तेव्हा मसूर स्टेशन लागलं होतं. १९०१ साली याच स्टेशनात बाबासाहेब उतरले, नऊ-दहा वर्षांचे. साताऱ्याहून निघालेले. संगं थोरला भाऊ आणि बहिणीची पोरं. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला चाललेले. स्टेशन मास्तरला जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी पोरांनीच हाकायची, या अटीवर. जवळ खायला भरपूर होतं. पण रात्रभर पाण्याचा थेंब कुणी दिला नाही, आणि पाण्यावाचून घास उतरत नाही, म्हणून पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. अन्न असून उपास. खटाव म्हणजे आमचाच तालुका. म्हणून आम्हाला हॉटेलात जेवणाआधी पाणी दिसतं. ज्यांना नुसतं जेवण दिसतं त्यांचं नशीब थोर.

मग कार्ड आलं. कार्ड कसलं, रजिस्टरच. आयला वाचता येत नाही. म्हणाली, "वाच. काय काय हाय त्ये समदं वाच."

मी एसटीत कंडक्टर होतो. जन्मभर स्टॉप पुकारले, तसा वाचत सुटलो. पंजाबीचं पान. पनीरचेच सतरा प्रकार. मुघलाई, बिर्याणी. इडली, डोसा, उत्तप्पा. चायनीज, त्यात मंचुरियन कोरडं वेगळं, ओलं वेगळं. तंदूर. शेवटी 'गावरान' म्हणून एक पान, वर मिशीवाल्या फेटेवाल्याचं चित्र. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, अख्खा मसूर, पिठलं-भाकरी, खर्डा. अमृतसरपासून चीनपर्यंत मुलूख त्या कार्डात बसला होता.

आयनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "झालं? आपलं काय न्हाय का रं ह्यात?"

"तुला काय पायजे?"

"वजडी हाय का इचार की."

आयचा आवाज रानातला. या बांधावरून त्या बांधावर जाणारा. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब वळून बघू लागलं. आणि मी, जयंतीच्या स्टेजवर माईक लागत नाही असा मी, खाली वाकून म्हणालो, "आये, हळू बोल."

आय गप झाली. ग्लास हातात धरून बसली. मग म्हणाली, "कप फोडलास तवा लई वरडला हुतास. आन् आता हळू बोल म्हंतूस व्हय?"

पोरीला कपाचं ठाऊक नव्हतं. तिला सांगावं लागलं. तुम्हालाही सांगतो.

आमच्या गावात स्टँडजवळ एक हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, एक भट्टी, चहा, भजी, शेव. आत बसणाऱ्याला कपबशी. आमच्यासाठी बाहेर कोनाड्यात कान तुटलेले कप. आण्णा, म्हणजे माझा बाप, कप उचलायचा, धुवायचा, पुढं धरायचा. वरून चहाची धार पडायची. पिऊन झालं की परत धुवायचा आणि पैसे उंबऱ्यावर ठेवायचा. पैशाला विटाळ नव्हता.

हा गुन्हा होता. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं अशी नावं घेऊन लिहिलंय. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता गुन्हे कायदा लागू झाला. त्यात नुसतं दार नाही, हॉटेलातली भांडी वापरायचा हक्कसुद्धा लिहिला. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. १९७६ साली तो कायदा कडक झाला, त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. आणि १९७८ साली आमच्या गावात कप कोनाड्यातच होते. कायदा मुंबई-दिल्लीला, कप आमच्या हातात.

आम्ही चौघं पोरं होतो. एक जण साताऱ्याला कॉलेजात शिकत होता, त्यानं कायद्याची प्रत आणली होती. पँथरचं वारं तोवर आमच्याकडंही पोचलं होतं. बाजारच्या दिवशी गेलो, कोनाड्यातले कप काढले आणि सगळ्या बाजारासमोर दगडावर फोडले. मी ओरडलो, "चहा द्या! आतल्या कपात द्या!" घसा फाटेस्तोवर ओरडलो. आठ दिवस हॉटेल बंद राहिलं. उघडलं तेव्हा सगळ्यांना काचेचे ग्लास. पण त्या सुगीला आमच्या वस्तीतल्या एकाही बाईला कुणी खुरपायला बोलावलं नाही. आय रोज तीन कोस चालून दुसऱ्या गावाला कामाला गेली. मला एका शब्दानं बोलली नाही. आण्णा त्या हॉटेलात पुन्हा कधीच गेला नाही. ग्लासातही त्याला तो कपच दिसत असावा.

तर त्या बाईला मी म्हणालो, हळू बोल.

का म्हणालो? चार आठवडे विचार करतोय. वजडी कोण खात नाही? बोकडाची आतडी-कोथळा गरम पाण्यात चुना लावून खरवडायचा, पांढराशुभ्र करायचा, तासभर शिजवायचा, कांदा-लसूण चटणीत परतायचा. गल्लीबोळातल्या मटण खानावळीत मिळते. मराठे खातात, धनगर खातात, मुसलमान खातात. पण तो खातो ती चव आणि आम्ही खातो ती जात. तो मागतो तेव्हा शौकीन ठरतो. माझ्या आयनं मागितली तर शेजारचं टेबल वळून बघतं. निदान मला तसं वाटलं. कदाचित ते नुसत्या आवाजानं वळले असतील. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. तो फुटका कप माझ्या घशात अडकलेला होता.

काही पोरं लगेच म्हणतील, बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, मग हे कौतुक कशाला? बाबांनो, ते आमच्या आज्यानं सोडलं आणि बरं केलं. ते लादलेलं होतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना सुकडी खाल्ली, अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, तीही आवड नव्हती. भुकेचं कौतुक मला करायचं नाही. पण आयनं रोख पैसे मोजून बाजारातनं आणलेली, राखून-निगुतीनं शिजवलेली वजडी ही तिची कला आहे. लाचारी टाकायची की आयच्या हाताची चव टाकायची, एवढा फरक तर कळायला पाहिजे.

आणि पाट्या बघा. आमच्याकडं रस्त्यानं 'मराठा खानावळ' दिसते, 'लिंगायत खानावळ' दिसते. तीस वर्षं एसटीच्या दारात उभा राहून मी पाट्या वाचल्या. आमच्या जातीचं नाव खानावळीवर वाचलं नाही. आमच्यातल्या माणसानं हॉटेल काढलं तरी पाटीवर फुलाचं नाव, नाहीतर देवाचं. कोल्हापूरला गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेला माणूस. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल दिलं, दारात गाडी थांबवून त्यांचा चहा घेतला, बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजला. तिथं राजाला थांबावं लागलं. आता राजा नाही. आता गिऱ्हाईक आम्हीच आहोत, आणि आम्हीच कार्ड बघून आवाज खाली आणतो.

वेटर आला. विशीतला पोरगा. आयनं माझ्याकडं बघितलं नाही, सरळ त्यालाच विचारलं. तो वाकला आणि म्हणाला, "आज्जी, कार्डावर नसतंय ते. आत स्टाफला करतो आम्ही कधीमधी."

तोही हळूच बोलला. मी त्याला जात विचारली नाही.

पोरगी मात्र मोठ्यानं म्हणाली, "आत शिजतंय तर कार्डावर का नाही?" पोरगं हसलं. "मालकाला सांगतो, ताई." आयनं भाकरी आणि रस्सा मागवला. जेवली. रश्शात पाणी जास्त आहे म्हणाली.

पोरांनो, मालकाला शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. पण घरी येऊन हिशोब मांडला. पोरीच्या साखरपुड्याला जेवणाचं कार्ड मीच ठरवलं होतं. पनीर, मंचुरियन, जिलेबी, गुलाबजाम. १४ एप्रिलला आमच्या वस्तीत पुरी-भाजी असते, ती यादीही गेली दहा वर्षं मीच करतो. लेखणी माझ्या हातात होती तेव्हा मी तरी आयचं काय लिहिलं? ते आतच शिजवलं. स्टाफला.

पुढच्या सोमवारी आयला पुन्हा मिरजेला दाखवायचंय. तिनं आत्ताच सांगून ठेवलंय, त्याच हॉटेलात जायचं. त्या पोराला मालक काय म्हणाला ते विचारायचं. मी म्हणालो, "आये, या बारीला मी विचारतो."

ती म्हणाली, "मोठ्यानं इचारशील?"