संध्याकाळी सातची मीटिंग

दारू सोडायला दाखल झालेल्या माणसाचा डिस्चार्ज जवळ आला, की घरचे मला गोळ्यांच्या वेळा विचारतात, पथ्यपाणी विचारतात. मी त्यांना उलट विचारते, "सोमवारी संध्याकाळी सात वाजता हे कुठे असतील?" बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. व्यसनमुक्तीची समुपदेशक म्हणून मला मात्र हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शरीरातली दारू काही दिवसांत उतरते. पण कामावरून सुटण्याची वेळ तीच राहते, रस्ता तोच, नाक्यावरचा बार तोच आणि हाक मारणारे मित्रही तेच. कामावरून सुटल्यावरचे ते दोन तास भरून काढायला घरच्यांची माया पुरत नाही. तिथे त्याच वाटेने गेलेली माणसं लागतात.

ही गोष्ट दोन दारुड्यांनाच उमगली. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब नावाचा शल्यविशारद भेटले. दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणाने बोललं की आपली आजची दारू टळते, या अनुभवातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे एए, उभी राहिली. 1957 साली ती मुंबईत आली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. उपचार संपल्यावरही रुग्णमित्रांनी एकमेकांना धरून राहावं, यासाठी तिथे पाठपुराव्याच्या सभा होतात.

आपल्याजवळची मीटिंग कशी शोधायची? उपचार केंद्रातल्या समुपदेशकाकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकाकडे बहुधा गटांची यादी असते. मोठ्या शहरांत एएची हेल्पलाइन आहे. तिथे फोन उचलणारा स्वतः दारू सोडलेला सदस्य असतो, त्यामुळे त्याच्यापुढे काही लपवावं लागत नाही. त्याला चारच गोष्टी विचाराव्यात : मीटिंग कोणत्या वारी आणि किती वाजता, भाषा कोणती, मीटिंग ओपन की क्लोज्ड, आणि मला न्यायला कोणी येईल का? ओपन मीटिंगला घरचेही येऊ शकतात. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नये. नव्या माणसाला सोबत करणं हे जुने सदस्य स्वतःच्या सोबर राहण्याचाच भाग मानतात.

पत्ता निवडताना मी एकच आग्रह धरते. मीटिंग घराजवळ आहे का, यापेक्षा ती कामावरून घरी येण्याच्या वाटेवर आहे का, हे पाहा. घरी पोहोचून, चहा घेऊन पुन्हा बाहेर पडायचं ठरवलं, तर निघणं राहून जातं.

जागा बहुधा साधीच असते : शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल किंवा रुग्णालयातली खोली. फी नाही, रजिस्टर नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. एकेक जण उठतो, नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक" म्हणतो आणि आपली हकिगत सांगतो. कोणी मधे बोलत नाही, उपदेश करत नाही. नव्या माणसाला बोलावंसं वाटलं नाही तर त्याने नुसतं ऐकावं. खर्चासाठी पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावं. निघताना कोणीतरी आपला नंबर देतो आणि सांगतो, "प्यावंसं वाटलं तर प्यायच्या आधी फोन कर." नवख्या माणसासाठी त्या संध्याकाळची ही सगळ्यात मोठी कमाई.

"ताई, तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर?" ही भीती खरी आहे, लहान गावात तर फारच. अशा वेळी पहिल्या काही मीटिंगा शेजारच्या गावात कराव्यात. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा पाहावा. एका मीटिंगवरून निकाल लावू नये. आणि पत्नीने, आईनेही स्वतःसाठी गट शोधावा. त्यांच्यासाठी अल-ॲनॉन आहे, मुक्तांगणचा 'सहचरी' गट आहे. नवरा पीत असला तरीही तिथे जाता येतं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे प्रकार जिवावर बेतू शकतात. आधी डॉक्टर, मग मीटिंग, आणि पुढे दोन्ही. 2020 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 27 अभ्यासांचा आढावा घेतला. एएशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार माणसाला दारूपासून पूर्ण दूर ठेवण्यात इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरतात, असं त्यात दिसलं. यातलं 'जोडून देणारे' हे मला मोलाचं वाटतं. नुसता पत्ता हातात देऊन कोणी जोडलं जात नाही.

केंद्र सरकारच्या 2019 च्या अहवालानुसार देशात 5 कोटी 70 लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या आहारी गेलेल्या दर 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळतो. तुमच्या घरात, शेजारी, कचेरीत असं कोणी असेल, तर 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा, जवळची मीटिंग शोधा, आणि पहिल्या दिवशी त्याच्यासोबत दारापर्यंत जा. आत त्याची माणसं आहेत, पुढचं ती सांभाळतील.