बांधाची कड

टायगरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं फक्त नाक आणि दात दिसत होते. रबाळे गावठाणातली आठ फुटांची गल्ली, लोखंडी गेट, आणि गजांमधून बाहेर आलेलं काळं नाक. गल्लीतून एक मोटरसायकल गेली. टायगर गेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला, भुंकला, पुढचे पाय गेटवर आपटले. मोटरसायकल वळणावर दिसेनाशी झाली. त्याने अंग झटकलं आणि तो परत आपल्या जागेवर येऊन बसला.

"दिवसभर हेच चालतं, ताई," काकू म्हणाल्या. "रस्त्यावर नेला तर ऐकायलाच नको. यांना फरफटत नेतो."

मी त्या दिवशी काहीच शिकवलं नाही. ओट्यावर बसून तासभर मोजत राहिले. 41 गाड्या, दोन हातगाड्या, एक सायकलवरचा पाववाला. टायगर प्रत्येकावर धावून गेला आणि प्रत्येक जण निघून गेला. ते जाणारच होते; पण त्याच्या हिशेबात त्याने ते हाकलले होते. तासात 44 वेळा फत्ते होणारं काम कोण सोडेल? पहिला उपाय मी कुत्र्यावर न करता गेटवर केला. रोपवाटिकेत मिळते ती हिरवी जाळी आणवली आणि गेटला आतून वरपासून खालपर्यंत बांधली. दुसरा उपाय डॉक्टरांचा. तपासणीत डावा कान आतून सुजलेला निघाला. पावसाळ्यातल्या दमट हवेत कान दुखणं काही नवीन नाही, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला शांत राहायला शिकवणं म्हणजे ठणकणाऱ्या दाढेवर हात ठेवून पाढे म्हणायला लावणं आहे. कान बरा होईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, आम्ही रस्त्याचं नावही काढलं नाही.

टायगर जर्मन शेफर्ड. ही जात आपल्याकडे पोलिसांचा कुत्रा म्हणून ओळखली जाते, पण तिच्या नावातच मेंढपाळ आहे. 1899 साली माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या कप्तानाने कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात एक कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं, आणि जातीच्या नोंदवहीत पहिली नोंद त्याची झाली. होरांडच्या आधीच्या कित्येक पिढ्या मेंढरांमागे राबल्या होत्या. ते काम नेमकं कसलं होतं हे कळल्यावर माझी या कुत्र्यांकडे पाहण्याची नजर बदलली. जर्मनीत शेतांना कुंपणं नसत. मेंढ्या गवताच्या पट्ट्यात चरायच्या आणि लगतच दुसऱ्याचं पीक उभं असायचं. कुत्र्याने त्या दोहोंमधल्या कडेवरून दिवसभर जा-ये करायची. मेंढीचं तोंड पिकाकडे वळलं की तिला आत लोटायचं आणि पुन्हा कडेवर यायचं. कुत्रा म्हणजेच चालतं कुंपण. हलणारी प्रत्येक गोष्ट टिपायची आणि ती हद्द ओलांडायच्या आत पोचायचं, यासाठी त्यांची निवड झाली. आता असा कुत्रा रबाळ्यात आणून ठेवा. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता, मधून ट्रान्सहार्बरची लोकल. हलणाऱ्या गोष्टींना खंड नाही, आणि कड कुठेच नाही.

माझं आजोळ माणगाव तालुक्यातलं. दिवाळीनंतर भातं कापून झाली की घाट उतरून धनगरांचे वाडे यायचे. रात्री मेंढरं आमच्या शेतात बसवायची, लेंड्यांचं खत शेताला मिळायचं आणि त्याबदली धनगरांना भात. त्यांचे कुत्रे मी लहानपणी तासन्तास बघत बसायची. ते मेंढरं वळवत नसत. वळवायचं काम धनगराच्या शिळेचं आणि काठीचं. कुत्रा मेंढरांतच वाढलेला, त्यांच्यातच बसलेला, लांडग्यासाठी राखलेला. एखाद्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा. एसटी गेली तरी तो मान उचलत नसे. त्यामुळे कुत्रा म्हणजे असाच, हा माझा लहानपणापासूनचा समज. राखण करणारा कुत्रा आणि कळप वळवणारा कुत्रा यांचे स्वभावच वेगळे, हे मला फार उशिरा कळलं. बॉर्डर कॉली, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिन्वा घेणाऱ्या प्रत्येक घराला मला हे आधी सांगावंसं वाटतं. तो चिडका नाही. बेकार आहे.

मी या कामाला लागले तेव्हा चोक चेनचा झटका देऊन शिकवण्याची पद्धत सर्रास होती. मीही तेच शिकले आणि तेच केलं. दुसऱ्या वर्षी एका शेफर्डला मी गुरगुरल्याबद्दल इतक्या वेळा झटके दिले की तो गुरगुरायचा थांबला. घरचे खूश झाले, मीही. दोन महिन्यांनी त्याने आवाज न करता शेजारच्या मुलाच्या पोटरीचा चावा घेतला. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना होती आणि ती मी बंद पाडली होती. मुलाचे टाके निघेपर्यंत मी रोज त्याच्या घरी जात होते. त्यानंतर माझ्या पिशवीत साखळी नाही.

आता पिशवीत असतं ते उकडलेलं चिकन, करंगळीच्या नखाएवढे तुकडे केलेलं. छातीवरून जाणारा पट्टा आणि तीन मीटरची दोरी. आणि एक शब्द, "हां". हा शब्द स्वयंपाकघरात शिकवायचा. "हां" म्हणायचं, तुकडा द्यायचा. असं दोनेकशे वेळा झालं की "हां" ऐकताच कुत्र्याची मान आपोआप वळते. क्रमाला मात्र फार महत्त्व आहे. पावलोव्हच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोमची टिकटिक आधी व्हायची आणि अन्न मागून यायचं, म्हणून टिकटिकीलाच लाळ सुटू लागली. रस्त्यावरही टेम्पो आधी दिसला पाहिजे आणि चिकन त्याच्या मागून आलं पाहिजे. घाबरून आपण आधीच तुकडा पुढे केला, की थोड्या दिवसांत चिकन दिसताच कुत्रा टेम्पो शोधायला लागतो. निम्मी घरं इथेच चुकतात.

बाकी सगळं अंतराचं काम. प्रत्येक कुत्र्याचा एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे तो टेम्पो बघतो आणि तरीही खाऊ शकतो, श्वास घेऊ शकतो, आपलं ऐकू शकतो. पलीकडे गेला की कान मिटले. तिथे ओरडून, ओढून, लाडीगोडी लावून काही होत नाही. उंबरठा जवळ आल्याचं कुत्रा सांगतो, फक्त बघायला शिकावं लागतं. उघडं तोंड मिटतं. कपाळावर आठी येते. भार पुढच्या पंजांवर जातो आणि नखं डांबरात रुततात. तुकडा घेताना ओठांऐवजी दात बोटाला लागतात. हे शेवटचं मी सगळ्यांना पाठ करायला लावते: दात लागले, की दहा पावलं मागे.

टायगरचा उंबरठा आम्ही सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर शोधला. कारखान्यांची शटर बंद, समोर पारसिकचा डोंगर, कडेला ओळीने उभे ट्रक. हे उभे ट्रक माझे फार आवडते. मैदानात लपायला जागा नसते. इथे दर वीस पावलांवर आडोसा. समोरून काही आलं की दोन ट्रकांच्या मधे शिरायचं, ते जाईपर्यंत जमिनीवर चार तुकडे टाकायचे, हुंगू द्यायचं. साठ पावलांवरून एक छोटा हत्ती टेम्पो गेला. टायगरने बघितलं. "हां." मान वळली, तुकडा ओठांनी घेतला. चाळीस पावलांवर दात लागले. म्हणजे पन्नास. त्या दिवशी दहा मिनिटांत काम आटोपलं आणि काकांना ते पटलं नाही. एवढ्यासाठी आलो का, असा त्यांचा चेहरा. पुष्कळांना वाटतं, कुत्रा दमवला की शांत होतो. मग त्याला स्कूटीला बांधून पळवतात. त्याने कुत्रा शांत होत नाही, जास्त पळू शकणारा भडक कुत्रा तयार होतो. दहा मिनिटं गवतात चिकन शोधणं त्याहून कितीतरी भारी.

या कामात टायगरची खरी गुरू मी नव्हे. चहाच्या टपरीपाशी एक तांबूस कुत्री असायची, डाव्या कानाला नसबंदीची खाच असलेली. रस्त्यावरच्या कुत्र्यांना माझे गिऱ्हाईक फार घाबरतात, आणि टोळीने अंगावर येणारी कुत्री असतात हेही खरं. ही मात्र वेगळी होती. रस्त्यावरच्या कामाच्या तिसऱ्या आठवड्यात ती समोरून आली. टायगर ताठ झाला. ती सरळ आलीच नाही. रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेली, मोठा वळसा घेतला, मधेच थांबून विजेच्या खांबाशी काहीच नव्हतं तिथे बराच वेळ हुंगत राहिली. मग आमच्याकडे कूस करून उभी राहिली आणि जांभई दिली. टायगरचं तोंड उघडलं. त्याने जीभ नाकावरून फिरवली आणि तोही खाली वाकून जमीन हुंगू लागला. मी काही बोलले नाही, तुकडाही दिला नाही. अनोळखी कुत्र्याशी कसं वागायचं हे टायगर जन्मल्यापासून गेटच्या आत राहिल्यामुळे शिकलाच नव्हता. तिने ते दीड मिनिटात दाखवलं. त्यानंतर आमची वेळ तिच्या वेळेप्रमाणे ठरू लागली.

पाचव्या आठवड्यात मी घाई केली. पन्नासावरून पंधरा पावलांवर आलो होतो, सलग चार दिवस चांगले गेले होते, आणि मी संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी स्टेशनच्या बाजूला जायचं ठरवलं. वाटेत एका दुकानाचं शटर धाडकन पडलं. मग एक मुलगा सायकलवरून चाटून गेला. दोन्ही टायगरने सोसलं आणि मी खूश झाले. वास्तविक दोन्ही ताण त्याच्या अंगात एकावर एक साठत होते. तिसऱ्या वेळी, उभी होती ती मोटरसायकल आमच्या शेजारीच सुरू झाली. टायगर उसळला. दोरी काकांच्या हातात होती; ते गुडघ्यावर पडले, पँट फाटली, रक्त आलं. त्यांनी दोरी सोडली नाही म्हणून पुढचं टळलं. परत येताना मी त्यांची माफी मागितली. पुढचे तीन दिवस टायगर घरातच राहिला. चढलेला ताण तासाभरात उतरत नाही. एखाद्याला दोन-दोन दिवस लागतात. पोत्यात गुंडाळलेले तुकडे शोधणं, गच्चीवर झोपणं, एवढंच.

त्या तीन दिवसांत मी काकांशी बोलत बसले. गुडघ्याला पट्टी, पाय चौरंगावर. होरांडची, मेंढ्यांची, कडेवर चालणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे बांधावरचा कुत्रा."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचं घर आगऱ्यांचं. जमीन एमआयडीसी आणि सिडकोत गेली त्याआधी खाडीच्या बाजूला खारजमीन होती, भातशेतीची. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध. पौर्णिमा-अमावस्येला उधाण आलं की वडील रात्री कंदील घेऊन बांधावरून चालायचे आणि आठ-नऊ वर्षांचे काका मागे. खेकड्याने कुठे बीळ केलंय का, पाणी झिरपतंय का, ते पायाने चाचपायचं. बीळ सापडलं की तिथेच चिखल दाबायचा. नाहीतर खांड जायची आणि खारं पाणी शेतात शिरायचं. मग काही वर्षं पीक नाही.

"बापूस कंदी धावत नसं," काका म्हणाले. "धावला तं बीळ दिसतच नाय."

मी घरी येऊन रात्रभर त्याचाच विचार केला. टायगरला मी आतापर्यंत टेम्पोपासून लांब राहायला शिकवत होते. त्याला काम असं काही दिलं नव्हतं. आणि कड तर रस्त्याला होतीच: फुटपाथची दगडी कड, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. चौथ्या दिवशी आम्ही परत एमआयडीसीत गेलो, परत साठ पावलांवर. या वेळी मी टायगरला कडेच्या आतून चालायला शिकवलं. डावा खांदा कडेला समांतर, दर पाच पावलांनी "हां". कडेच्या टोकाला पोचलं की वळायचं आणि त्याच कडेने परत. शेफर्डला हे किती चटकन जमतं! तिसऱ्या फेरीला त्याचं डोकं खाली आलं, शेपटी सैल झाली, आणि ती लांब, जमिनीलगतची दुडकी चाल लागली. ही चाल मी त्याच्यात पहिल्यांदाच पाहत होते. पलीकडून टेम्पो गेला. त्याने बघितलं, चालणं न थांबवता. टेम्पो कडेच्या पलीकडे होता. पलीकडचं पलीकडे.

सगळ्या कुत्र्यांना ही युक्ती लागू पडेल असं मी म्हणत नाही. एका बॉर्डर कॉलीला कड दाखवली तर ती कडेवरच नजर लावून खिळून बसली. तिला दुसरं काम शोधावं लागलं.

या गोष्टीला आता अकरा महिने झाले. गेटची जाळी अजून आहे, ती काढू नका असं मी सांगितलंय. पाळी सुटायच्या वेळी टायगर अजूनही स्टेशनकडे जात नाही, आणि जावं असा माझा आग्रहही नाही. मागच्या पौर्णिमेला मी सहज त्यांच्याकडे गेले होते. रात्री साडेनऊला काका दोरी घेऊन उठले, मीही निघाले. एमआयडीसीचा रस्ता, ट्रकांची तीच ओळ, टपरी बंद. तांबूस कुत्री फळीखाली झोपलेली होती. तिने एक डोळा उघडून मिटला. काका हळूहळू चालत होते, गुडघा अजून पूर्ण बरा नाही. टायगर कडेने त्यांच्याच चालीने. समोरून कंटेनर आला, दिवे अंगावर आले, रस्ता हादरला. टायगरने त्याच्याकडे बघितलं, मग मान वर करून काकांकडे बघितलं.

"हां," काका म्हणाले, आणि खिशात हात घातला.