पटाशीचा दात

नव्या दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांनी रंगांची पट्टी ओठांजवळ धरली आणि मला खिडकीपाशी नेलं; दिव्याच्या उजेडात दातांचा रंग फसवतो. पट्टीवरची एकही छटा जुळेना. माझं बालपण किनवट तालुक्यात गेलं. नांदेड जिल्ह्याच्या त्या भागात बोअरच्या पाण्यात कितीतरी ठिकाणी फ्लोराइड जास्त. पक्के दात जबड्यात घडत असतात, त्या वयात असं पाणी पोटात गेलं की दातांवर पांढुरके डाग नि तपकिरी रेघा उमटतात. नवा दात शुभ्र केला असता तर तोच परका दिसला असता. म्हणून लॅबमधल्या कारागिराने त्यावरही फिकट तपकिरी रेघ ओढली. त्याच्या हाताचं मला मनापासून कौतुक वाटलं. रेघेचं मात्र कौतुक नको. तेच पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांची हाडंही ताठरतात.

दात गेला तो लातूरहून नांदेडला येताना, लोह्याजवळ मोटारसायकल घसरून. समोरचा एकच दात, पण 'फ' आणि 'व' म्हणताना नुसती हवा निघे, नि हसताना हात आपसूक तोंडावर जाई. तेव्हा गावाकडच्या म्हाताऱ्या आठवल्या, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या. त्याला आपण मर्यादा म्हणत आलो. मिश्रीने, किडीने त्यांचे दात कधी गेले, हे कुणी पाहिलंच नाही.

त्या जागी ब्रिज बसवायचं ठरलं. ब्रिज करायचा म्हणजे रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांवर कॅप बसवायच्या आणि मधला दात त्या कॅपना जोडलेला. माझे शेजारचे दोन्ही दात ठणठणीत होते. घासून गेलेलं वरचं आवरण पुन्हा येत नाही. ही किंमत मला जड वाटली, अजूनही वाटते. पण इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेल्या दाताला, पुरेसं हाड लागतं, आणि माझं तोवर झिजलं होतं. दात गेला की तिथलं हाड आटू लागतं, सर्वांत जास्त पहिल्या वर्षी. म्हणून चालढकल करू नये. पैशांची अडचण असेल तर लातूर, नांदेड दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिथे विद्यार्थी उपचार करतात.

आणि एक गोष्ट प्रत्येक शाळेत लिहून लावायला हवी. मार लागून पक्का दात अख्खा निघाला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता उचला, थंड दुधात ठेवा, आणि तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे पोचा. पुष्कळदा तोच दात पुन्हा बसवता येतो. दूध रस्त्यावरच्या कुठल्याही चहाच्या हॉटेलात मिळतं.