पडद्यावर न दिसलेले नाव

वसतिगृहाची प्रवेशयादी आम्ही पुष्कळ वर्षे रजिस्टरात लिहिली. पुढे आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने जावा भाषेतील ‘अपाची विकेट’ हे फ्रेमवर्क वापरून प्रवेशाची संगणकप्रणाली विनामूल्य तयार करून दिली.

एका जूनमध्ये एक खाट रिकामी झाली. लिपिकाने प्रतीक्षायादीतील एका मुलीचे नाव निवडून बटण दाबले. रिकाम्या खाटांचा आकडा एकावरून शून्यावर आला. प्रवेशयादी मात्र होती तशीच राहिली. पेरणी सोडून आलेल्या तिच्या वडिलांना आम्ही सांगितले, “दादा, जागा संपली. यादीत नाव नाही.” त्यांनी वाद घातला नाही. यादीत नाव नसणे त्यांना नवे नव्हते.

अर्ध्या तासाने आम्ही तेच पान पुन्हा उघडले, तर नाव समोर! शिपाई सायकलवरून एसटी स्टँडकडे धावला. गाडीला उशीर झाला होता, म्हणून बापलेक भेटले.

संध्याकाळी त्या विद्यार्थ्याला फोन केला. “सर, चूक माझीच,” तो म्हणाला. अजॅक्सच्या पद्धतीत सबंध पान पुन्हा येत नाही. बदललेला तुकडा तेवढा सर्व्हरकडून येऊन जुन्याच्या जागी बसतो. कोणता तुकडा पाठवायचा, हे मात्र प्रोग्रामरने ‘अजॅक्स रिक्वेस्ट टार्गेट’मध्ये घालून सांगावे लागते. त्याने आकडा घातला, यादी राहून गेली. नोंद सर्व्हरवर झालेली, पडद्यावर नाही. शिवाय यादीचा ‘लिस्टव्ह्यू’ थेट टार्गेटमध्ये चालत नाही. त्याभोवती कंटेनर घालून, त्या कंटेनरला आयडी देऊन तो पाठवावा लागतो.

प्रवेशपत्राच्या भागाची अडचण निराळी होती. जो घटक आरंभी अदृश्य ठेवला जातो, त्याची खूणही पानात उमटत नाही. पुढे तो दृश्य केला, तरी ब्राउझरला त्याची जागाच सापडत नाही. त्यासाठी ‘प्लेसहोल्डर टॅग’ची सोय आहे: घटक दिसत नसतानाही त्याच्या आयडीची एक रिकामी खूण पानात राखून ठेवायची. इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या आम्ही हे त्याला पुन्हा एकदा सांगायला लावले.

त्याने त्याच रात्री दुरुस्ती केली. ती मुलगी दहावीपर्यंत आमच्याकडेच शिकली. आजही पडद्यावर नाव दिसले नाही, की आम्ही पालकांना आधी बसायला सांगतो, पाणी देतो आणि पान नव्याने उघडतो.