पाण्याची वाट

प्रीमियर पद्मिनीच्या काचा बसवून घ्यायला येणारा मालक हटकून म्हणतो, "थेंबभरही पाणी आत येता कामा नये." आमच्या लोधिवलीचा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघाली, ती सगळंच पाणी अडवायच्या बेताने बांधलेली नव्हती.

पुढच्या काचेला मात्र पाणी अडवावंच लागतं. जुनं रबर काढलं की मी आधी पत्र्याची कड बघतो. ती गंजलेली असेल, तर नवं कोरं रबरही गळणारच. म्हणून गंज खरवडायचा, प्रायमर मारायचा, रंग पुरता वाळू द्यायचा. मग काचेवर रबर चढवून त्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवायची. चिकटू नये म्हणून साबणाचं पाणी. ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. काच बाहेरून चौकटीत टेकवली की एकाने तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. दोरी निघत येते तसतशी रबराची कड पत्र्यावर चढते. इथे जोर नाही, दोघांचा मेळ लागतो. मेळ चुकला की काच कोपऱ्यात तडकते.

दाराचं गणित वेगळं. वर-खाली होणाऱ्या काचेला बाहेरून घासणारी पट्टी बरंचसं पाणी निपटते, सगळं नाही. उरलेलं दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. कौलारू छपराचंही असंच. तेही पाणी अडवत नाही, उतरवतं.

कुजलेली दारं उघडली की भोकं बुजलेलीच सापडतात. कधी चिखलाने, कधी लांबीने, तर कधी गळती थांबवायला मारलेल्या सिलिकॉनने. आंबट वासाचं सिलिकॉन तर वाळताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंजच लावतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. आता उरल्या त्या हौसेच्या गाड्या, बहुतेक काळ झाकून ठेवलेल्या. उभ्या गाडीत साचलेलं पाणी हलतही नाही. म्हणून मालकाला सांगतो, मृगाआधी ती भोकं तारेने मोकळी करा आणि दाराच्या काचेवर तांब्याभर पाणी ओता. खालून ठिबकलं तर निश्चिंत राहा. काहीच बाहेर आलं नाही, तर गाडी माझ्याकडे आणा.